दापोडीला दहा मीटर द्या

मा. आयुक्त,
पिंपरी चिंचवड महानगरपालिका, पिंपरी



दापोडीत महापालिकेची एखादी शाळा, एखादं समाजमंदिर, एखादी इमारत अशी असेलच, जिच्या तळमजल्यावरच्या हॉलला संध्याकाळी सहानंतर कुलूप लागतं. तो हॉल आठवड्यातल्या चार संध्याकाळी नेमबाजीसाठी द्या. त्यात दहा मीटरची एअर रायफल आणि एअर पिस्तुलाची छोटी रेंज उभी करा, आणि ज्याने आयुष्यात कधी बंदूक हातात धरलेली नाही अशा माणसासाठी ती ठेवा. मागणी एवढीच आहे. साधा अर्ज करून ती आवक-जावकमध्ये देता आली असती. पण नेमबाजीचं नाव काढलं की आपल्याकडे एक तर लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, नाही तर डोळ्यांसमोर थेट ऑलिम्पिकचं पदक येतं. या दोन्हींच्या मधे जे आहे ते दापोडीकरांनीही वाचावं, त्यावर घराघरांत बोलणं व्हावं, म्हणून हे पत्र उघडं लिहितो आहे.

मी एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत मशीनवर नोकरी केलेला माणूस. कॉलेजात एनसीसीत असताना पॉइंट टू टू रायफल चालवली, आणि निवृत्त झाल्यापासून नवशिक्यांना एअर रायफलचे पहिले धडे देतो. माझं काम पहिल्या तासाचं. त्यापुढचं शिकवणारी जाणती माणसं पुण्यात आहेत. पहिला तास मात्र सहसा कुणी देत नाही, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच.

आपल्या पोराबाळांची बंदुकीशी पहिली ओळख कुठे होते? जत्रेत. लाकडी फळीवर फुगे लावलेले, मागे पत्रा, पुढे बाकड्यावर दोन-तीन जुन्या एअर गन. दुकानदार नळी मोडून छर्रा भरतो आणि बंदूक पोराच्या हातात देतो. पोराचं बोट तेव्हापासूनच ट्रिगरवर असतं. डोळ्यांना चष्मा नाही. शेजारी धाकटी बहीण गोळा खात उभी. फुगा फुटला की पोरगं बंदूक घेऊनच गर्रकन वळतं, "पप्पा, बघितलं का?" आणि नळी पप्पांच्या पोटावरून बहिणीच्या डोळ्यांवरून फिरून येते. छर्रा सुटलेला असतो म्हणून निभावतं. पण बंदूक अशी धरायची, अशी फिरवायची, हे त्या पोराच्या हाताला त्या दिवशी कळलेलं असतं. जत्रेतल्या दुकानदाराला मी दोष देत नाही, त्याचं पोट त्यावर आहे. आपणच त्या पोराला दुसरी कुठली जागा दाखवलेली नाही.

दुसरी ओळख मोबाइलवर होते. गेममध्ये बंदूक कुणावरही रोखता येते, मेलेला माणूस पुढच्या डावात उठून उभा राहतो. आणि तिसरी ओळख रीलमधली. वाढदिवसाच्या केकवर कोयता, कमरेला गावठी कट्टा, मागे गाणं. पोलीस पकडतात, दोन दिवस बातमी येते, मग पुढचं रील येतं. २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. लग्नात, मिरवणुकीत हौसेने गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा योग्यच आहे. फक्त तो गोळी सुटल्यानंतर दारात येतो. त्याच्या कितीतरी आधी, चौदा-पंधराव्या वर्षी, बंदुकीकडे कसं बघायचं हे कुणीतरी शांतपणे शिकवायला हवं होतं, आणि ते काम घरात, शाळेत, मंडळात कुठेच होत नाही.

दापोडीत तरी हे व्हायला हवं होतं. हॅरिस पूल ओलांडला की पलीकडे खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ पासूनचा. दापोडी-बोपोडीच्या कितीतरी घरांत आजोबा, वडील, काका तिथे कामाला होते. स्फोटकांच्या आवारात काडेपेटी घेऊन जायची नाही, हातातलं काम सोडून दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, ही शिस्त त्या घरांतल्या मुलांनी जेवताना ऐकलेली आहे. अलीकडे सीएमई, लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय. त्या भिंतीआड सैन्याचं रोइंगचं केंद्र आहे, आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झालेला चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ तिथल्या पाण्यात घडून २०१६ साली रिओ ऑलिम्पिकला गेला. गोळ्या तयार करणारी, बंदुका चालवणारी, खेळात देशाचं नाव काढणारी माणसं आमच्या दोन्ही अंगांना राहतात, आणि मधल्या वस्तीतल्या पोराला बंदूक भेटते ती जत्रेत आणि रीलमध्ये.

आता त्या पहिल्या तासाचं सविस्तर सांगतो.

समजा, चाकणच्या कंपनीत पहिल्या पाळीला जाणारी एक मुलगी संध्याकाळी आली. नाव लिहिलं, ओळखपत्र दाखवलं, मोबाइल कप्प्यात ठेवला. पहिली वीस मिनिटं तिला रायफल हातात मिळत नाही. टेबलावर रायफल ठेवलेली असते, तोंड टार्गेटच्या दिशेला, बोल्ट उघडा, आणि नळीतून आरपार गेलेली नारिंगी दोरी. या दोरीला रेंजवर सेफ्टी फ्लॅग म्हणतात. ती दिसते आहे म्हणजे आत छर्रा नाही, हे लांब उभ्या असलेल्या माणसालाही विचारल्याशिवाय कळतं. मी तिला सांगतो, रायफल रिकामी आहे हे तुला मी सांगितलं तरी तू ती भरलेलीच समजायची. नळी टार्गेटकडे, दुसरीकडे कुठेही नाही, जमिनीकडे नाही, छताकडेही नाही. बोट ट्रिगरच्या कड्याबाहेर, सरळ, लाकडाला टेकलेलं, नेम धरून होईपर्यंत. आणि "स्टॉप" ऐकू आलं की जिथे आहोत तिथे थांबायचं. नेम धरलेला असो, श्वास रोखलेला असो, थांबायचं, बोल्ट उघडायचा, रायफल खाली ठेवायची आणि हात काढून रेषेच्या मागे यायचं.

हे तिने मला तिच्या शब्दांत परत सांगायचं असतं. पाठ म्हणून नाही. "समोरच्या टार्गेटचा कागद पडला, तर काय करशील?" असं विचारलं की नवखी माणसं दहातल्या आठ वेळा म्हणतात, "जाऊन लावेन." मग पुन्हा पहिल्यापासून. कागद पडू दे, पेन पडू दे, कानातलं पडू दे, रेषेच्या पुढे कुणीही जायचं नाही, जोपर्यंत सगळ्या रायफली खाली नाहीत आणि सगळ्यांच्या नळीत नारिंगी दोरी नाही.

"स्टॉप" म्हणायचा अधिकार कोचपुरता नसतो. रेंजवर आलेल्या प्रत्येकाला तो असतो, पहिल्या दिवशी आलेल्या मुलीलाही. तिला काही चुकीचं दिसलं, कुणी पुढे जाताना दिसलं, तर तिने मोठ्याने म्हणायचं, आणि तिच्या दुप्पट वयाच्या माणसांनी त्या क्षणी थांबायचं. कारण नंतर विचारायचं. जिचा शब्द कामाच्या ठिकाणी सुपरवायझरपर्यंत पोचत नाही, तिच्या एका शब्दावर सगळी रेषा थांबते. हे मी पाहिलं आहे, आणि ते झाल्यावर त्या माणसाची उभं राहण्याची ढबच बदलते, हेही पाहिलं आहे.

कार्यशाळेत लेथवर आलेल्या नव्या पोराला पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावतात: जॉब पकडणाऱ्या चकमध्ये तो आवळायची किल्ली, म्हणजे चक की, ठेवून हात काढायचा नाही. जॉब लावताना, काढताना, कुणी हाक मारली तरी, की आधी बाहेर, मग बाकीचं. मशीन सुरू झालं आणि की आत राहिली तर ती कुणाच्या छातीत जाईल सांगता येत नाही. वर्ष-सहा महिन्यांनी हे सांगावं लागत नाही, हातच आपोआप की काढतो. नारिंगी दोरीचंही तसंच व्हावं लागतं. म्हणूनच मला वाटतं, भोसरीच्या एमआयडीसीत, चाकणला, कासारवाडीच्या वर्कशॉपांत हात चालवलेल्या माणसाला ही शिस्त नवी नाही, फक्त हातातली वस्तू नवी आहे. या पट्ट्यात नेमबाजी रुजायला याहून चांगली जमीन कुठली?

मग डोळा बघायचा. दोन्ही हातांचे पंजे जुळवून मधे छोटी खिडकी करायची, त्यातून भिंतीवरचा बल्ब बघायचा आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने बल्ब खिडकीत राहतो तो नेमाचा डोळा. उजव्या हाताने जेवणाऱ्या काही जणांचा नेमाचा डोळा डावा निघतो, आणि त्यांना आयुष्यभर वाटत असतं की आपल्याला नेम धरताच येत नाही. असा माणूस डाव्या खांद्याला रायफल लावून उभा राहिला की त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं.

स्पर्धेची एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत भरते. नवख्या हाताला ती दोन मिनिटांत जड होते, म्हणून पहिल्या दिवशी नळीखाली टेकू द्यायचा. आधी छर्‍याशिवाय. ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर, आणि दाब हळूहळू वाढवत न्यायचा. ओढायचं म्हटलं की माणूस झटका देतो आणि नळी उजवीकडे जाते. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचं, आणि चार-पाच सेकंदांत शॉट सुटला नाही तर रायफल खाली घेऊन पुन्हा सुरुवात करायची. नवशिक्याला हे खाली घेणं सगळ्यात अवघड जातं. धरला नेम सोडायला मन होत नाही. मी सांगतो, जो शॉट तू मारला नाहीस तोही तुझ्या हिशेबात जमा आहे.

मग छर्रा. साडेचार मिलिमीटरचा, शिशाचा, कमरेत बारीक. एअर रायफलच्या टार्गेटवरचं काळं वर्तुळ ३०.५ मिलिमीटरचं, म्हणजे जुन्या रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठं, आणि मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. दहा मीटरवरून तो डोळ्यांना दिसतही नाही. नवशिक्यापुढे हा कागद ठेवला तर पाच शॉटमध्ये त्याचं मन मोडतं. म्हणून पहिल्या दिवशी मी कागद उलटा लावतो, कोरी बाजू पुढे. मधे काही नाही. पाच छर्रे मार, कुठेही, फक्त एकमेकांजवळ. दोन भोकं जवळ आली तर हात स्थिर आहे, मग ती कागदाच्या कुठल्या कोपऱ्यात आहेत याला महत्त्व नाही. ते साइटचा स्क्रू फिरवून दुरुस्त करता येतं. हात स्थिर करणारा स्क्रू मात्र नसतो.

आणि शॉट लागला की तोच जत्रेतला क्षण येतो. आनंद झाला की माणूस वळतो. चाळिशीचा माणूसही वळतो, मुलं तर वळतातच. रेंजवर माझी नजर टार्गेटवर नसते, ती त्या वेळी माणसाच्या खांद्यावर असते. खांदा हलला की माझा हात नळीवर जातो आणि नळी पुढेच राहते. म्हणून छर्रा भरायच्या आधी आम्ही वळायचा सराव करतो. शॉट सुटला, दोन सेकंद तसंच धरून ठेव. बोल्ट उघड. दोरी घाल. रायफल टेबलावर. हात सुटे. आता वळ, आणि आता हवं तेवढं ओरड. ओरडायला पूर्ण मोकळीक आहे. पहिल्या तासात एवढं एकच अंगवळणी पडलं आणि त्या माणसाने पुन्हा आयुष्यात रेंजचं तोंड पाहिलं नाही, तरी तो तास सत्कारणी लागला असं मी मानतो. कारण तो माणूस पुढच्या जत्रेत आपल्या मुलामागे उभा राहील, तेव्हा त्याचा हात नळीवर जाईल.

निघताना साबणाने हात धुवायचे. छर्रे शिशाचे असतात, बोटांना काळपट रंग चढतो, आणि बाहेर वडापावची गाडी उभी असते. रेंजच्या रेषेवर खाणं-पिणं नाही, आणि हॉल झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसायचा, म्हणजे शिशाची धूळ हवेत उडत नाही. हा हॉल दिवसा शाळेचा असेल तर हे शंभर टक्के पाळावं लागेल. तेवढी सफाई जमणार नसेल तर मुलांच्या शाळेचा हॉल आम्हाला देऊ नका, दुसरी जागा द्या.

"बालेवाडी आहे की," असं कुणी म्हणेल. आहे, आणि अभिमानाची जागा आहे. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी ते क्रीडा संकुल उभं राहिलं, २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, २०११ मध्ये नेमबाज गगन नारंगने आपली नेमबाजीची अकादमी तिथेच सुरू केली. पण बालेवाडीला तो जातो ज्याने नेमबाज व्हायचं आधीच ठरवलं आहे. ज्याला फक्त एकदा करून बघायचं आहे, तो पाळी संपवून, दोन बस बदलून, औंध-बाणेरच्या गर्दीतून तिकडे जात नाही. जी गोष्ट आपल्यासाठी आहे की नाही हेच माहीत नसतं, तिच्यासाठी कुणी खाडा करत नाही. दापोडीला रेल्वे स्टेशन आहे, ऑगस्ट २०२३ पासून मेट्रोचं स्टेशन आहे. फुगेवाडी, कासारवाडी, बोपोडीचा माणूस दहा मिनिटांत येऊ शकतो.

आणि मोठे नेमबाज तरी आले कुठून? अंजली भागवत मुंबईत एनसीसीत होत्या म्हणून रायफल त्यांच्या हाती आली. पुढे त्या सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत गेल्या आणि २००२ मध्ये म्युनिकला जगातल्या अव्वल नेमबाजांत अव्वल ठरल्या. स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. २००९ साली वडिलांनी त्याला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं, तिथे त्याच्यापुढे एक खेळ निवडायची वेळ आली, आणि त्याने नेमबाजी निवडली. १ ऑगस्ट २०२४ ला त्याने पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं ते वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आपलं दापोडी स्टेशन मध्य रेल्वेच्या ज्या पुणे विभागात येतं, त्याच विभागात तो तिकीट तपासनीस होता. गाडीत त्याला तिकीट दाखवलेला एखादा दापोडीकर नक्की असेल! मला या दोघांच्या पदकांपेक्षा त्यांच्या पहिल्या दिवसाचं जास्त वाटतं. एनसीसी नसती, प्रबोधिनी नसती, तर दोघांचाही पहिला तास झालाच नसता. अशी किती माणसं आपल्या भागात असतील ज्यांचा तो कधी झालाच नाही.

ही गोष्ट सामान्य माणसाची असावी हा विचारही आपल्याकडे नवा नाही. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ मध्ये स्थापन झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष होते दादासाहेब मावळंकर, मूळचे कोकणातल्या घराण्यातले, पुढे लोकसभेचे पहिले सभापती. धोतर-टोपीतल्या, गांधीजींबरोबर काम केलेल्या त्या माणसाला नागरिकांनी नेमबाजी शिकावी असं वाटलं. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही होते, नवे नेमबाज तिच्यातून राष्ट्रीय स्पर्धेकडे जातात. बाहेरच्या जगात झुरिच शहरात दर सप्टेंबरात तिथल्या तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी नेमबाजीचा मोठा उत्सव भरतो. १९९१ पर्यंत तो फक्त मुलांचा होता, त्या वर्षापासून मुलीही आल्या. तिथे लष्करी रायफल वापरतात. ते अनुकरण आपल्याला नको. देखरेखीखाली, उजेडात, सगळ्यांसमोर मुलांना पहिला शॉट मारू द्यावा, एवढंच तिथून घेण्यासारखं आहे.

पोलिसांना आणि पालकांना जी भीती वाटते तिला मी हसत नाही. "आधीच इथली पोरं बिघडली आहेत, त्यांना तुम्ही आणखी बंदूक शिकवणार?" हा प्रश्न मला माझ्याच गल्लीत विचारला गेला आहे. याचं उत्तर असं, की कट्टा घेणाऱ्याला नेम शिकावा लागत नाही, आणि तो ओळखपत्र देऊन, वहीत सही करून, मोबाइल बाजूला ठेवून, वीस मिनिटं नियम ऐकायला बसत नाही. ज्याला फक्त दाखवायचं असतं तो पहिल्या तासातच कंटाळून उठतो. आमच्या रेंजवर बंदुकीबरोबर फोटो काढायचा नाही, हा नियम मी पहिल्या पाटीवर लिहीन. घरी न्यायचा असेल तर आपला भोकं पडलेला कागद न्या, त्याचा फोटो हवा तितका टाका. तरीही उद्या यातला एखादा मुलगा वाकड्या वाटेला जाणारच नाही, असं मी लिहून देणार नाही. तालीम, कबड्डीचं मंडळ, क्रिकेटची टीम, कुणीच ते लिहून देऊ शकत नाही. पण जो मुलगा रेंजवर महिनाभर आला, त्याला रीलमधला कट्टा नाचवणारा माणूस हिरो वाटत नाही. त्याला त्याचं ट्रिगरवरचं बोट दिसतं.

कायद्याच्या बाजूने हे सरळ आहे. साडेचार मिलिमीटर बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर गनला परवाना लागत नाही, खरेदी करताना ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. आपण याच मर्यादेत राहू. परवान्याची शस्त्रं, काडतुसं, पॉइंट टू टू, यांतलं काहीही या हॉलमध्ये येणार नाही, आणि कुणालाही स्वतःची बंदूक घेऊन येता येणार नाही. बारा वर्षांखालच्यांना प्रवेश नको, अठराखालच्यांसोबत पालक हवा. रायफली आणि पिस्तुलं लोखंडी कपाटात, छर्रे वेगळ्या कपाटात, दोन किल्ल्या दोन माणसांकडे. परवाना लागत नाही म्हणून छर्‍याची बंदूक निरुपद्रवी आहे असं मात्र कुणी समजू नये. तिने डोळा जातो. आणि गावाकडे गेल्यावर तिने होले मारणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेही पहिल्या तासातच सांगायचं. मला हे विशेष वाटतं, कारण छर्‍याची बंदूक घरात आली की पहिलं लक्ष्य झाडावरचा पक्षी होतो, आणि मोठी माणसं कौतुकाने बघत बसतात.

रेंज तळमजल्यावर हवी असं सुरुवातीला म्हटलं, त्याला कारण आहे. व्हीलचेअरवरून उत्तम खेळता येतो असा हा खेळ आहे. कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर टोकियो पॅरालिम्पिकमध्ये एअर रायफलमध्ये चौथा आला, पदक थोडक्यात हुकलं. पुलापलीकडे खडकीत जखमी होऊन कायमचं अपंगत्व आलेल्या जवानांचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. ज्यांच्या हातांना बंदुकीची शिस्त आमच्यापेक्षा चांगली माहीत आहे, अशी ही माणसं रॅम्प असेल तर येतील. शिकायला येतील तशी शिकवायलाही येतील, अशी मला आशा आहे.

खर्चाचं थोडक्यात. परदेशी मॅच रायफली लाखांच्या घरात जातात, त्या नकोत. इलेक्ट्रॉनिक टार्गेट नकोत. ठाणे जिल्ह्यातली प्रेसिहोल कंपनी देशी एअर रायफली बनवते, सुरुवातीला तशा चार रायफली आणि दोन पिस्तुलं पुरेत. पाचशे छर्‍यांचा डबा काही शे रुपयांत येतो, एका संध्याकाळी वीस-पंचवीस माणसं त्यात सहज होतात. टार्गेटमागे छर्रा अडवणाऱ्या लोखंडी पेट्या आणि त्यांच्यामागे जाड रबराचा पडदा, हे काम आयटीआयची मुलं करून देतील, आराखडा मी देतो. संरक्षक चष्मे, हात धुवायला बेसिन, एक्झॉस्ट पंखे, टार्गेटवर सावली न पडणारा उजेड. भोसरीत कुस्ती आणि कबड्डी, नेहरूनगरला हॉकी यांसाठी महापालिकेने जे केलं, त्याच्या पुढे हा खर्च किरकोळ आहे. फी मात्र ठेवा, थोडी का होईना. फुकट मिळालेल्या तासाला माणूस उशिरा येतो, आणि इथे उशिरा आलेल्याला नियम न ऐकता आत घेता येत नाही. शाळेच्या मुलांना आणि दिव्यांगांना माफी द्या.

वेळेचाही विचार व्हावा. पहिल्या पाळीची माणसं चारनंतर मोकळी होतात, जनरलची सातला, दुसऱ्या पाळीला फक्त सकाळ मिळते. सहा ते नऊ ठेवलं आणि रविवारी सकाळचे तीन तास दिले तर बहुतेकांची सोय होते. एक संध्याकाळ फक्त बायकांसाठी असावी असं मला आमच्याच मुलींनी सुचवलं. मला आधी ते पटलं नव्हतं, कारण या खेळात बाई-पुरुष असा फरक फारसा उरत नाही. पण त्यांचं म्हणणं होतं की मागे उभं राहून बघणारी गर्दी नसली तर आई, मावशी, शेजारच्या काकूही येतील. ते बरोबर आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेत्या झाल्या आणि चाळिशीत टोकियो ऑलिम्पिकला गेल्या, हे त्या काकूंना आधी सांगायचं आणि मग चष्मा हातात द्यायचा.

तेव्हा आपल्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. क्रीडा विभागातला एक अधिकारी आणि स्थापत्यचा एक अभियंता टेप घेऊन दापोडीत पाठवा. सोळा मीटर लांबी आणि आठ मीटर रुंदीचा, टार्गेटच्या बाजूला दार-खिडकी नसलेला हॉल मिळाला तर सहा लेन बसतात. नेमबाजाच्या मागे उभं राहायला आणि टार्गेटमागे पेटी-पडद्याला जागा धरूनच हे माप सांगतो आहे. दुसरं, पोलीस आयुक्तालयाला रेंजची माहिती देणारं आणि सुरक्षेची पाहणी करण्याची विनंती करणारं पत्र आपल्या सहीने जाऊ द्या. नागरिकाने दिलेलं पत्र आणि आयुक्तांनी दिलेलं पत्र यांत फरक पडतो. तिसरं, रेंजवर प्रशिक्षित देखरेख करणारा माणूस नसेल त्या दिवशी कुलूप उघडायचं नाही, मग नगरसेवक आले असोत की मंत्री, हे लेखी आदेशात घाला. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांनी नियम न ऐकता फोटोसाठी रायफल उचलली, तर पुढे दहा वर्षं मुलांना काय सांगायचं?

शिकवायला मी आहे, माझ्यासोबत एनसीसीतले आणि फौजेतून निवृत्त झालेले चार-पाच जण तयार आहेत. पहिलं वर्ष आम्हाला मानधन नको. जूनमध्ये शाळा भरायच्या आत हॉल ठरला, तर पावसाळ्यात पेट्या, पडदे, दिवे लागतील आणि दिवाळीच्या सुट्टीत पहिली तुकडी घेता येईल. हॉल बघायला कधी येताय ते कळवावं, चावी कुणाकडे असते ते मी शोधून ठेवतो.

आपला,
दापोडीचा एक रहिवासी